कुमुदच्या हातातली पळी

नागपूर, शनिवार, ८ फेब्रुवारी १९७५

आज कुमुदने पळी आपणहून खाली ठेवली! ताटात अर्धी पोळी तशीच.

लकडगंजचं हे घर मुलांच्या खाण्यावरच्या माझ्या अभ्यासातलं सर्वांत अवघड. मुलगी सहा वर्षांची, गुबगुबीत. आई बेताचंच वाढायची, मग ही भावाच्या ताटातलं ओढायची. ‘हिच्या पोटाले बूडच नाही,’ असं आईचं म्हणणं. मुलांना आपली भूक कळते, या माझ्या म्हणण्याला विभागप्रमुख हसले होते. म्हणून आईकडून कबूल करून घेतलं: पळी कुमुदच्या हातात, अडवायचं नाही, आग्रहही नाही. सुरुवातीला तिने इतकं वाढून घेतलं की मलाच धास्ती वाटली.

आज आई घाबरली. “काहून वं, पोट दुखून राहिलं का?”

“नाही. भरलं.”

“अन् हे अर्धी पोळी कोण, बाई खातीन का?” आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

“खाऊ दे ना त्यायले!”

आम्ही हसलो. पण कुमुद माझ्या धाकाने तर थांबली नसेल? आईला बेसनाचा लाडू तिच्यापुढे ठेवायला सांगून मी अंगणात गेले. परतले तर लाडू तसाच, कुमुद खेळायला पळालेली.

मुलांचं उरलेलं आपणच संपवायच्या सवयीने आईने ती अर्धी पोळी उचलली. एक घास तोडला आणि थांबली. “मले तरी कुठं भूक हाय!” म्हणत पोळी गाईसाठी बाजूला ठेवली.

एकटीवरून काही सिद्ध होत नाही, असं मी स्वतःला बजावत होते. आता दोघी झाल्या.