पिळून काढलेला कूट

भाऊ आफताबला सलाम.

अम्मीच्या गुडघ्याला तेल लावतोस ना?

"बेवा बाईनं त्या आफ्रिकन शेजारणीला घरात घेऊ नये, लोक बोलतात," हा तुझा निरोप मिळाला. तिचं नाव हदीजा. काल आम्ही तिच्या नायजेरियातले सळईवरचे कबाब केले. मी आपल्यासारखा शेंगदाण्याचा कूट केला. त्याला तेल सुटलं, मसाला मटणाला धरेना. "यल्ला रबिया, पीळ!" अशी इथल्या अरबीत घाई करत तिनं कूट फडक्यात बांधून दिला. तेल निघालं आणि मसाला धरला.

तुझे दुल्हाभाई इनायत यांची मय्यत निघाली तेव्हा रीतीप्रमाणे तीन दिवस माझी चूल बंद होती. तिन्ही दिवस जेवण हदीजानंच आणलं. तुझा फोन आठव्या दिवशी आला, तोही त्यांचं घड्याळ मागायला.

हदीजा येत राहील. घड्याळ तिच्या नवऱ्याला दिलं.

अम्मीसाठी रोज दुआ करते. तुझ्यासाठी अजून जमत नाही.

रबिया
अल थुमामा