प्रश्नचिन्हांची फाइल

आळे, १४ नोव्हेंबर २००७

आज त्या माणसाचं उत्तर आलं. डोकं अजून तापलेलंच आहे.

माझी बायको सुनंदा इंटरनेटवर मेंढ्यांच्या आजारांबद्दल वाचते आणि ब्राउझरमधल्या टिपांच्या सोयीनं त्याच पानांच्या कडेला माझ्या सासऱ्यांची औषधं मराठीत लिहून ठेवते. सासरे गेले, आता ती औषधं तेवढी तिथंच आहेत. त्या टिपा फाइलमध्ये उतरवणारं प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, एका परदेशी माणसानं केलंय. ते बसवलं, तर इंग्रजी नीट उतरलं आणि सुनंदाच्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. दिवाळीची सुट्टी घालवून मी ते दुरुस्त केलं, त्याला पाठवलं. तो लिहितो, तुमच्या भाषेत वापरणारे फार थोडे आहेत, हा बदल घेता येणार नाही.

थोडे म्हणजे किती? त्यानं कुणाला विचारलं?

सुनंदा म्हणाली, "आपल्या कॉम्प्युटरवर चालतंय न्हवं? मग झालं."

पण संध्याकाळी त्याची नवी आवृत्ती आपोआप उतरली आणि माझी दुरुस्ती पुसून गेली. पुन्हा तीच प्रश्नचिन्हं. मी म्हटलं, परत बसवतो.

"दर टायमाला कुठवर बसवत बसाल? राहू द्या, मी इंग्रजीत लिहिते."

आता ती डिक्शनरी उघडून बसलीय. मेंढी खुरानं लंगडायला लागली की तिचे वडील जो शब्द वापरायचे, त्याला इंग्रजी शब्द शोधतेय.