शाळेच्या गच्चीवरचं पाणी

हो अण्णा, आहे अजून कुवेतलाच. गुडघे दुखतात म्हणून काय गावी जाऊन माश्या मारत बसू? अब्बासियाच्या एका शाळेत नळ, पंप, टाक्या बघतो. तुम्ही शिकवलंत तेवढ्यावर चाललंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, कधी लिहायचं सुचलं नाही. आत्ता लिहितोय तेही एका पोरीमुळे.

सुलैबियाच्या कॅम्पातली टाकी आठवते? मी आत उतरून घासली, क्लोरीन मारलं, धुतली, भरली आणि व्हॉल्व्ह उघडायला निघालो. तुम्ही हात धरलात. "आधी तू पी." मी म्हटलं, "अण्णा, आपलं पाणी खोलीवर आहे की." काय भडकलात! "तुझ्या घशाखाली उतरत नाही ते दुसऱ्याला पाजणार? भर ग्लास!" मी प्यायलो. मग तुम्ही प्यायलात, सगळ्या कामगारांसमोर, फोरमन असून. त्यानंतरच लाइन सोडलीत. असा माणूस मी परत पाहिला नाही, असं म्हणत होतो इतकी वर्षं.

आता शाळेचं ऐका. गच्चीवर सोलर बसवलंय. पॅनल टाकीच्या वरच उभे केलेत, म्हणजे टाकीला सावली, आणि त्याच विजेवर फिल्टर आणि कूलर. उन्हाळ्यात इथे गार नळाला चहाचं पाणी येतं, तुम्हाला काय सांगायचं. कल्पना चांगली, मान्य. फीत कापली, फोटो काढले, भाषणं झाली, आणि पोरं काही पिईनात! घरून आयांनी बजावलेलं. गेटवर मुलीला सोडायला आलेली एक नर्सबाई मला म्हणते, "काका, टाकीचं नको हो. हिला काही झालं तर माझी ड्युटी कोण करणार, तुम्ही?" घरची बाटली मधल्या सुट्टीआधीच संपते, मग पोरं सुकलेल्या तोंडाने वर्गात बसतात. आणि मॅनेजमेंट म्हणतंय, कोणी पीतच नसेल तर मशीन काढून टाकू.

मशीन बसवणारी इंजिनियर आपलीच, लातूरकडची, पोरगेलीशी. शाळा सुटताना आली. मला वाटलं, आता ही लॅबचे कागद फडकवणार. तर तिने नळ सोडला, ग्लास भरला आणि आयांसमोर गटागटा प्यायली. दुसरा भरला, तोही प्यायली. मग नर्सबाईला म्हणाली, "ताई, आधी तुम्ही घ्या, मग हिला द्या." बाई प्यायली. मग तिची मुलगी प्यायली आणि ओरडली, "मम्मा, इट्स कोल्ड!" झाली की रांग. पुढे आठवडाभर ही इंजिनियर येत राहिली, रोज पोरांच्या आधी एक ग्लास.

मी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं गं?"

"शिकवायचं काय त्यात काका? तहान लागली होती."

तिला तुमच्याबद्दल सांगणार होतो, राहिलं. हे पत्र तरी कुठे टाकू, तुमचा पत्ता काय? खणात पडून राहील. आणि एक. मधल्या सुट्टीत माझं खाली काहीच काम नसतं. तरी रोज हातात पाना घेऊन त्या नळापाशी उभा राहतो, पोरं पिताना बघत. का, ते विचारू नका. सांगणार नाही.