परड्यातल्या नर्गिसचे पहिले फूल

मी, नीलम्मा रुद्रय्या हिरेमठ, वय वर्षे ७२, राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर, कुणाच्या धाकाने नाही आणि कुणाच्या लाडीगोडीनेही नाही, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो ज्याला पुरेसा वाटत नसेल त्याने काल माझ्या हातच्या तिळाच्या वड्या खाल्लेल्यांना विचारावे. आज किंक्रांत. वकीलसाहेब म्हणाले, दिवस बरा नाही. मी म्हटले, मरणाच्या कागदाला कसला मुहूर्त पाहता, लिहा. याआधी मी असा कागद केलेला नाही.

१. घराचा पूर्वेकडचा अर्धा भाग आणि मागचे परडे पतींनी हयातीतच माझ्या नावावर केले आहे. पश्चिमेकडचा अर्धा माझी धाकटी जाऊ शिवलीला हिचा. मधे एकच भिंत. माझा भाग मुलगा वीरेश याला द्यावा. परड्यात फरशी घालून गाडी लावायची त्याची फार इच्छा आहे. त्याबद्दल कलम ५ वाचल्याशिवाय त्याने गवंड्याला बोलावू नये.

२. बँकेतली ठेव आणि माझ्या पाटल्या सून पवित्रा हिला. तिने त्याचे काय करायचे ते करावे, नवऱ्याला विचारत बसू नये. माझा देह आमच्या रीतीप्रमाणे विभूती लावून, बसवून पुरावा. भाषणे नकोत.

३. पतींचा ऊस तोडायचा कोयता वीरेशने जपून ठेवावा, परड्यात मात्र वापरू नये. कारण सांगते. १९९१ च्या दिवाळीला माझा भाऊ शिवशरण फौजेतून रजेवर आला तो हिमाचलमधून पायमोज्यात सात कंद घेऊन. दिसायला कांदेच. “आक्का, नर्गिस हाय. तिकडं बायका म्हादेवाला वाहत्यात. भाजीत घालू नगंस, इखारी हाय,” म्हणाला. मी लावले. संक्रांतीला पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळी वाटी अशी फुले आली. वास असा, की गल्लीतून चाललेला अत्तरवाला सायकल भिंतीला टेकवून विचारायला आत आला. मला आभाळ ठेंगणे झाले.

पती साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. फुले सरताच त्यांनी हिरवी पाने जमिनीसरशी छाटली. “बुडाला लावून तोडलं की खोडवा जोमानं येतोय,” म्हणाले. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून दुसरे पीक येते, तसेच इथेही येईल असा त्यांचा हिशेब. पुढची दोन वर्षे नुसती पाने आली, फूल एक नाही. तालुक्याला ऊस शिकवणाऱ्या माणसाला सात कांद्यांनी गप्प बसवले. मग शिवशरणने पत्रातून कळवले, की पाने आपोआप पिवळी पडून वाळू द्या, कंद त्या पानांतूनच जेवतो. पतींनी पत्र दोनदा वाचले, “चुकलं माझं,” म्हणाले आणि कोयता खुंटीला लावला. असे म्हणणारा दुसरा पुरुष या घरात मी पाहिला नाही.

४. १९९५ पासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी प्रत्येकीला वाण म्हणून नर्गिसचा एक दांडा देऊ लागले. प्लास्टिकच्या डब्या मला कधी आवडल्या नाहीत. १९९६ च्या कार्तिकात पती लिंगैक्य झाले, मी विधवा झाले. जानेवारीत फुले मात्र आपल्या वेळेवर आली. मी दांडे घेऊन सोप्यात उभी राहिले, तर शिवलीला सगळ्या बायकांसमोर म्हणाली, “आक्का, यंदा तुमच्या हातचं फूल नगं. लोकं काय म्हनतील?” बायका माना खाली घालून निघून गेल्या. आम्हा लिंगायतांत इष्टलिंगाची पूजा विधवाही करते. मग फुलानेच काय घोडे मारले होते? मला फार लागले. गल्लीच्या तोंडाशी भाजी विकणारी धोंडुबाई तेवढी पुढे आली. “मला द्या की वैनी. दहा वर्सं झाली मालक जाऊन, मला कुनी इचारलंच न्हाय.” तेव्हापासून माझी फुले आधी तिच्यासारख्यांना जातात, मग बाकीच्यांना. शिवलीलेशी मी आठ वर्षे बोलले नाही.

५. परड्यातले सगळे कंद आणि त्यांचा वाफा मी शिवलीलेला देते. वीरेशने हे कलम बसून वाचावे.

२००० सालच्या मे महिन्यात मी दवाखान्यात होते. पाने वाळली की पावसाआधी काढून ठेवायचे कंद जमिनीतच राहिले होते आणि मधे दोन वळीव पडून गेले. कुजले असणार असे धरूनच मी घरी आले. तर न्हाणीच्या माळ्यावर बुट्टीत सगळे कंद, सुकवून, राख लावून, एकमेकांना न टेकता ठेवलेले. कांद्याला अशी राख लावायची रीत मुरगूडची, शिवलीलेच्या माहेरची.  मी तिला विचारले नाही. तो माझा ताठा, तेवढा इथे लिहून ठेवते.

गेल्या श्रावणात धाकटे दीर, शिवलीलेचे यजमान, लिंगैक्य झाले. काल संक्रांत. आठ वर्षांनी मी तिचे दार वाजवले, हातात दांडा होता. ती आतूनच म्हणाली, “न्हाय आक्का, मला आता चालत न्हाय. मीच तसं म्हनलेलं की तुमाला.” मी दांडा उंबऱ्यावर ठेवून आले. आज सकाळी तो तिथेच होता. तोंडी सांगून ती ऐकायची नाही, म्हणून कागदावर घालते.

अट अशी: माझ्यामागे जी पहिली संक्रांत येईल, त्या दिवशी शिवलीलेने पुढच्या कट्ट्यावर बसून पहिले फूल स्वतःच्या केसांत माळावे. मग येईल त्या प्रत्येक बाईला, कपाळ न बघता, आपल्या हाताने एकेक दांडा द्यावा. शिवशरण आता पेन्शनीत आहे, त्याने समोर उभे राहून हे पाहावे. तिने फूल माळले नाही, तर वाफा त्याच दिवशी वीरेशचा. त्याने खुशाल फरशी घालावी.

मात्र वीरेशने त्या आशेवर फरशी आणून ठेवू नये. शिवलीला कंद मरू देत नाही, हे मला त्या बुट्टीने सांगितले आहे.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १५ जानेवारी २००५, शनिवार

सही: नीलम्मा रुद्रय्या हिरेमठ

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली, साक्षीदार:
१. कृष्णात केरबा चौगुले, शेजारी (सही)
२. धोंडुबाई, भाजीविक्री (डाव्या हाताचा अंगठा). साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून तिचा दांडा मी कालच दिला.