पॅनलमधली हर्षू

२ फेब्रुवारी, सोमवार

लागली बाई नोकरी! सुरतला पांडेसऱ्यात, ओधवजी ऑटोमेशनमध्ये. बापाने काढलेली कंपनी, आता दोन मुलं चालवतात. डाइंगच्या मिलांची आणि शेतातल्या पंपांची पॅनलं इथे बनतात. मोटर चालू-बंद झाली की पॅनल स्वतःच शेतकऱ्याला फोन करून सांगतं. गुजरातीतला आवाज मोठ्या सुनेचा, हिंदीतला धाकटीचा. अहिराणी बोलणारं घरात कोणी नाही, म्हणून मला घेतलं. लिंबायतला मावशीकडे राहते, तिला पेढे दिले. उषामावशीने विचारलं, बडबडीचा पगार देतात होय?

दुपारी दोन्ही सुना चहा घेऊन आल्या. हसल्या छान, बोलल्या मात्र एक अक्षर नाही. मोठ्या घरच्या, मानी असतील.

६ फेब्रुवारी

चाळीस वाक्यं बोलून झाली. पहिलं पॅनल शेठनी आबांसाठी फुकट दिलं, काल अमळनेरला आमच्या विहिरीवर बसलंसुद्धा. पाण्यातल्या पाइपाची जाळी सारखी तुंबते. पाण्यात करंट उतरतो म्हणून आबा आधी स्वतः खटका पाडायचे, मगच साफ करायला उतरायचे. आता म्हणतात, "हर्षूच सांगी राह्यनी ना, मंग काय देखानं?" वाचता येत नाही त्यांना, पण लेकीचा आवाज ओळखतात. मला इतकं बरं वाटलं!

९ फेब्रुवारी

घसा बसलाय. मावशी हळद-दूध पाजते आहे. आबा फोनवर म्हणाले, काल तासभर बोललीस, जीव निवला.

काल मी फोन केलाच नव्हता.

११ फेब्रुवारी

आवाज पार गेला. डॉक्टर म्हणतात, घशात काहीच नाही. कंपनीत वहीवर लिहून विचारत सुटले. धाकट्या सुनेने माझं पेन घेतलं. हिंदीत लिहिलं, आमचाही असाच गेला. मग तिनेच पुढे लिहिलं — माझा आवाज माझ्या वडिलांना म्हणाला, मोटर बंद आहे. ते उतरले. मोटर चालू होती.

१२, सकाळ

मावशीने आबांना फोन लावला. ते हसले. हर्षू आत्ताच बोलली म्हणे, तू उगीच घाबरतेस. जाळी तुंबलीय, दुपारी उतरणार. शेजारच्या शेतातला प्रशांत फोन उचलत नाही. मी निघाले.

१२, बस, नवापूरच्या पुढे

आबांचा फोन. देवा, एक शब्द दे, एकच —

शेजारच्या बाईंपुढे वही धरतेय — ताई, तुम्हाला वाचता येतं ना? हा फोन धरा. माझे वडील आहेत. सांगा, विहिरीत उतरू नका, मोटर चालू आहे. हर्षूचा आवाज आला तरी ऐकू नका. हर्षू इथे आहे, मुकी — जोरात सांगा —

हसता काय? फोनवर आधीच मुलगी बोलतेय? काय म्हणाली? "हाव आबा, बंद शे, उतर" —

ताई, ती मी नाही — ओरडा — त्यांना ओर