तापाची आणेवारी

बाई, तुम्हाला शेवटी नेमकं काय झालं होतं, ते मला अजून माहीत नाही. ताप होता, रक्त तपासायच्या पट्टीवर मलेरियाची रेघ आली होती, औषध सुरू झालं होतं आणि तरी चार-पाच दिवसांत तुम्ही गेलात, एवढंच फोनवर कळलं. तुमच्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरणीला एवढ्यावर गप्प बसवत नाही. ती रेघ त्याच तापाची होती का? की जुन्याच एखाद्या तापाची? असलं काही मनात आलं की मी तुमच्याकडे यायचे, आणि आता प्रश्न तुमच्याबद्दलच आहे. म्हणून लिहायला बसले आहे.

मी राजुऱ्याची, कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढलेली. नागपूरहून डॉक्टर होऊन तुमच्या त्या जंगलातल्या रुग्णालयात आले, तेव्हा मला वाटायचं की तपासणीचा कागद आला म्हणजे निकाल लागला. पहिल्याच आठवड्यात एका तापाच्या बाईचं रक्त काढायला मी सिस्टरला सांगते आहे आणि तुम्ही मागून येऊन म्हणता, "थांब पोरी. सुई टोचायच्या आधी सांग, मलेरिया किती आणे वाटते तुले?" मला हसू आलं. आपल्याकडे धान शेतात उभं असतानाच त्याची आणेवारी काढतात, सोळा आणे पीक, बारा आणे पीक, तशी तुम्ही तापाची काढायला लावत होतात. पावसाळ्यात जंगलातल्या गावाहून हुडहुडी भरून आलेला माणूस बारा आणे. ऐन उन्हाळ्यात गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातून लग्नाला आलेला पाहुणा फार तर दोन आणे. दोघांच्या पट्टीवर सारखीच रेघ आली तरी तिचा अर्थ सारखा नसतो, पाहुण्याच्या बाबतीत आणखी एकदा बघावं लागतं. आणि बारा आणेवाल्याची पट्टी कोरी आली, तरी तुम्ही त्याला घरी सोडत नव्हतात. पुढे याची सूत्रं मी पुस्तकात वाचली, आता मेडिकलच्या पोरांना फळ्यावर लिहूनही दाखवते, पण हिशेब मनात अजून आण्यांतच होतो.

पट्ट्या नव्यानेच आल्या होत्या तेव्हाची तुमची खोडी आठवते. थेंबभर रक्तात काही मिनिटांत उत्तर, म्हणून सगळे खूश होते. तुम्ही मात्र पट्टीलाच तपासायला घेतलंत. मलेरियातून उठलेली माणसं आठवडी बाजाराला येतातच, तर त्यांना बोलवायचं, चहा पाजायचा आणि बोटाला टोचून बघायचं, रेघ गेली की आहे. आपला चौकीदार सर्वांत आधी सापडला. ताप उतरून तो पुन्हा फाटकावर आरडाओरडा करायला लागला होता.

"बाई, मी तं बरा झालो न. आता काऊन टोचून राह्यल्या?"

"तू बरा झाला हे या पट्टीले अजून कळलं नाई, म्हणून."

आणि खरंच, बाजारामागून बाजार गेले तरी त्याची रेघ जाईना. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त स्वच्छ, माणूस ठणठणीत, पट्टी मात्र अजून हो म्हणते आहे. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता, तो मला जरा विचित्र वाटला होता. नवी वस्तू कुठे फसते हे सापडल्याचा तो आनंद होता, हे मला उशिरा कळलं.

मग तो गावतलावात मासे धरणारा माणूस आला. त्याच्या बायकोने त्याला बैलगाडीत घालून आणलं होतं. "मागच्या महिन्यात इथूनच गोळ्या नेल्या होत्या," ती म्हणाली, "उतरला होता ताप. आता पुन्हा चढला, जेवत नाई, झोपत नाई. पट्टी लावून पाहा न बाई." मी लावली. रेघ ठळक. मलेरिया परतला, असं मी सांगून टाकलं.

"किती आणे?" तुम्ही विचारलंत.

"आता काय विचारायचं? रेघच आली. सोळा."

"कोणत्या महिन्याची व्हय ही रेघ?"

मी पट्टी उचलून पुन्हा रेघच पाहिली. तुम्ही चिडलात, आणि तुमचा आवाज चिडल्यावर खाली जायचा. "चौकीदाराचं बोट काय गंमत म्हणून टोचत होतो आपण? रेघ पाहिली अन् तू माणसाले पाहणं सोडलं." मग तुम्ही त्याला उजव्या कुशीवर वळायला सांगितलं. त्याला वळता येईना. तुम्ही उजव्या बरगड्यांमधल्या फटीत एकच बोट दाबलंत आणि तो कळवळला. काचेवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, त्यात मलेरियाचे जंतू नव्हते. मी शहाणपणाने म्हटलं, मग मलेरियाच्या गोळ्या बंद करू या.

"एका काचेवर भरवसा ठेवू नको. दोन आणे उरलेच न? अन् तो मलेरिया जीव घेते. गोळ्या चालू ठेव, पण शोधणं थांबवू नको."

जीपने त्याला चंद्रपूरला नेलं. सोनोग्राफीत यकृतात पू दिसला, सुईने वाटीभर तपकिरी पू काढला, आणि चार दिवसांत तो भात मागायला लागला. जाताना वाटेत त्याच्या बायकोने मला विचारलं होतं, "पट्टी खोटी बोलली का बाई?" मी तिला सांगितलं, खोटी नाही, जुनी गोष्ट सांगत होती. ती दोघं नंतर मरळ मासा घेऊन आली. तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात तुम्ही तो झणझणीत केलात आणि काटे काढता काढता मला विचारत होतात, पट्टी नसतीच तर आपण त्याच्या बरगडीवर बोट लवकर ठेवलं असतं का. मला अजूनही त्याचं उत्तर येत नाही, आणि तो प्रश्न मला अजूनही आवडतो.

तुमच्या शेवटच्या तापात तुमच्यावर इलाज करणारा डॉक्टर मला चांगला माहीत आहे. तोही तुमच्याच तालमीतला, माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला. दरवर्षी मेडिकलच्या परीक्षेला परीक्षक म्हणून आम्ही एका टेबलावर बसतो. रस्त्यांबद्दल बोलतो, पोरांच्या शिक्षणाबद्दल बोलतो. रेघेबद्दल मी विचारत नाही आणि तोही काढत नाही. लोकांना वाटेल, त्याची चूक निघेल म्हणून मी टाळते. तसं नाही, बाई. चूक असती तर मला सोपं गेलं असतं. मला भीती ही आहे की त्याने आणे मोजले असतील, काच पाहिली असेल, बरगड्यांवर बोट ठेवलं असेल, सगळं तुम्ही शिकवलंत तसंच केलं असेल, आणि तरीही तुम्ही गेलात.