खोड्यात अडकलेल्या पाहणी साहेबांना बाहेर काढणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
पशुगृह बांधकाम परवाना कार्यालय.

विषय : खोड्याच्या दरवाजावरील सील तोडण्यास आजच लेखी परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपण मंजूर केलेला माझ्या गोठ्याचा नकाशा.

महोदय,

१. मी सात म्हशींवर पोट भरणारा इसम आहे. लस टोचताना जनावर उभे करायचा लोखंडी खोडा व त्याकडे जाणारी अरुंद गल्ली मी आपल्या नकाशाबरहुकूम बांधली. गल्लीत जनावराला वळता येऊ नये, मागे सरकता येऊ नये, अशी आपली अट होती. ती तंतोतंत पाळली गेली, हीच अडचण आहे.

२. आज सकाळी अकराला पाहणी साहेब आले. खोड्याचा पुढचा दरवाजा तपासून त्यांनी त्यावर कागदी सील चिकटवले व गल्लीची लांबी मोजण्यास स्वतः खोड्यात उभे राहिले. टेपचे दुसरे टोक गल्लीच्या तोंडाशी माझ्या सासऱ्यांकडे होते. साहेब ओरडले, "सोडा आता!" सासऱ्यांना कमी ऐकू येते, त्यांनी म्हशी सोडल्या.

३. सबब पुढे सील, मागे सात म्हशी व प्रत्येकीच्या मागे आपोआप पडलेला आडवा दांडा. मी म्हणालो, "साहेब, कागदच आहे, फाडतो." ते म्हणाले, "खबरदार! परवाना रद्द होईल. वरिष्ठांचा लेखी आदेश आणा." खोड्याच्या लोखंडी नळ्यांवरून चढून या म्हटले, तर तसा मार्ग नकाशात नाही म्हणाले. पत्नीने नळ्यांमधून चहा दिला व तुमच्या घरी कळवू का, असे विचारले. "दौऱ्यावर आहे म्हणून सांगा," असे उत्तर मिळाले.

४. नियमानुसार मी दुपारी एक वाजता साहेबांमार्फतच अर्ज केला. 'पाहणी अहवाल जोडलेला नाही' असा शेरा मारून त्यांनी तो खोड्यातूनच परत केला. अहवाल लिहायला त्यांना फाईल दिली, ती पहिल्या म्हशीने खाल्ली. म्हणून हा अर्ज थेट आपणांस करीत आहे. पाचला धारा काढायच्या आहेत. उद्यापासून आपल्याला दोन दिवस सुट्टी आहे, म्हशींना नाही. तरी कृपा व्हावी.

आपला नम्र,
गोठामालक
दिनांक : आजचाच

सोबत : फाईलचा उरलेला कोपरा.

ता. क. : अर्ज पाकिटात घालेपर्यंत पाच वाजले. "सील गेलं चुलीत, म्हशींच्या कासा दगड झाल्यात!" असे म्हणून पत्नीने दरवाजा उघडला. धक्क्यासरशी आधी साहेब व मागोमाग साती म्हशी सुखरूप बाहेर आल्या. धारा निघाल्या. मात्र लेखी आदेश नसल्याने साहेब परत आत जाऊन उभे राहिले आहेत. तरी आदेश लवकर पाठवावा.